टाळ टोचतो, पखवाज हरवतो: हेडफोनच्या करेक्शन फिल्टरबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर लगेच कळेल. तुम्ही लालबागला चाळीत राहता, घरात माणसं पाच आणि खोल्या दोन, त्यामुळे स्पीकरचा विषयच नाही. म्हणून २५० ओहमचा ओपन-बॅक हेडफोन, म्हणजे मागून उघडा, आवाज बाहेरही जाऊ देणारा, घेतलात. त्यावर रात्री गाणी ऐकता आणि मंडळाच्या भजन-कीर्तनाची रेकॉर्डिंग साफ करून देता. टाळ कानात टोचायला लागले म्हणून ऑटोईक्यू नावाच्या साइटवरून तुमच्या मॉडेलची तयार करेक्शन फाइल, म्हणजे हेडफोनचा तोल सुधारणाऱ्या फिल्टरांचे आकडे, उतरवून विंडोजवरच्या इक्वलायझर एपीओ या प्रोग्रॅममध्ये लावलीत. तर आवाज बारीक झाला आणि 'जीव गेल्यासारखा' वाटायला लागला. आता विचारताय की हे डिजिटल फिल्टर म्हणजे धूळफेक आहे का, आणि त्यापेक्षा पैसे साठवून वरच्या दर्जाचा हेडफोन घ्यावा का.

शेवटी जाता जाता एक वाक्य लिहून गेलात: तुम्ही साफ केलेलं रेकॉर्डिंग मंडळातल्या लोकांना कोंदट वाटतं. माझ्या लेखी खरा प्रश्न तोच आहे, वरचे दोन्ही त्याच्या पोटातले.

कारण बघा. तुमचा हेडफोन कुठेतरी ७-८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे खूप उंच आवाजांच्या भागात, गरजेपेक्षा जास्त बोलतो, असं तुमच्या वर्णनावरून दिसतंय. टाळांचा टणत्कार नेमका त्या भागात भरपूर असतो. तुम्हाला तो टोचला की तुम्ही एडिटिंगमध्ये टाळ खाली ओढता. मंडळाच्या स्पीकरमध्ये तो उंचवटा नाहीच, त्यामुळे तिथे टाळांवर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. हेडफोनचा दोष तुम्ही रेकॉर्डिंगमधून कापताय. तो हेडफोनमध्येच कापायचा, यासाठी फिल्टर असतो.

मी अंधेरीला डबिंग आणि मिक्सिंगचं काम करते, वीसेक वर्षं झाली. स्टुडिओत चांगले स्पीकर आहेत, तरी अर्धं काम हेडफोनवरच होतं. कधी घरी, कधी दुसऱ्याच्या खोलीत, कधी गाडीत बसून. करेक्शन फिल्टर माझ्या रोजच्या वापरातला आहे, त्यामुळे धूळफेक आहे असं मी म्हणणार नाही. पण डोळे मिटून लावलेली तयार फाइल मी स्वतः एकदाही जशीच्या तशी ठेवलेली नाही.

आधी 'जीव गेला' त्याबद्दल, कारण त्याचं कारण अगदी साधं आहे. ती फाइल उघडून पाहा. सगळ्यात वरच्या ओळीत प्रीॲम्प लिहिलेलं असेल आणि पुढे उणे आकडा, समजा उणे ६.५ डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप). म्हणजे फिल्टर सुरू होण्याआधीच सगळा आवाज साडेसहा डीबी खाली आणलाय. हे मुद्दाम केलेलं असतं. डिजिटल आवाजाला वर छत असतं, त्याच्या पलीकडे जाता येत नाही. आजची गाणी मुळातच त्या छताला डोकं टेकवून तयार होतात. त्यात खालचा बास ६ डीबी वाढवलात, म्हणजे लहरीची उंची दुप्पट केलीत, तर डोकं आपटणारच. त्यालाच क्लिपिंग म्हणतात, फाटल्यासारखा करकरीत आवाज. म्हणून जितकं जास्तीत जास्त वाढवायचं तितकं आधी उतरवून घ्यायचं.

आता तुम्ही काय केलंत? फिल्टर चालू, फिल्टर बंद, असं ऐकून पाहिलंत. बंद केल्यावर आवाज साडेसहा डीबी मोठा होतो. माणसाच्या कानाला जरा मोठा आवाज सहसा चांगलाच वाटतो; एका डीबीचा फरक असला तरी आपण 'मोठा' न म्हणता 'भरीव', 'जिवंत' म्हणतो. स्टुडिओत नवख्या पोरांना मी हा खेळ मुद्दाम दाखवते. एकच ट्रॅक दोनदा वाजवायचा, दुसऱ्यांदा जरासा मोठा, आणि विचारायचं कुठला मिक्स आवडला. सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. 'बास नीट बसलाय,' असंही वर सांगतात.

तेव्हा तुलना करायची तर दोन फाइल ठेवा. एकीत सगळे फिल्टर, दुसरीत फक्त प्रीॲम्पची तीच उणे ६.५ची ओळ, बाकी काही नाही. मग या दोघींमध्ये अदलाबदल करा. गाणाऱ्याचा आवाज दोन्हीकडे सारखाच मोठा वाटला पाहिजे. वाटत नसेल तर अर्ध्या-अर्ध्या डीबीने दुसऱ्या फाइलचा आकडा हलवा. हे केल्याशिवाय फिल्टर चांगला की वाईट हे ठरवताच येत नाही. आणि आवाज खाली आणल्याने 'क्वालिटी जाते' असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. सहा डीबी म्हणजे जेमतेम एक बिट. २४ बिटच्या आउटपुटवर तो गेल्याचं कुणाच्या कानाला कळत नाही.

एक व्यावहारिक अडचण मात्र येऊ शकते. २५० ओहमच्या हेडफोनला लॅपटॉपच्या साध्या जॅकमधून पुरेसा जोर मिळत नाही. प्रीॲम्प उतरवल्यावर व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेऊनही आवाज कमीच पडत असेल, तर एक साधा ॲम्प किंवा हेडफोनला जोर देणारा बरा यूएसबी डॅक (लॅपटॉपला जोडायची, डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारी डबी) घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च हा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाणार असाल तर हेडफोन बरोबर न्या आणि लावून ऐका, नुसता खोक्यावरचा आकडा वाचू नका.

आता ती फाइल येते कुठून, ते. कुणीतरी तुमच्या मॉडेलचा हेडफोन कृत्रिम कान असलेल्या डोक्यावर ठेवतो आणि कानाच्या पडद्याच्या जागी बसवलेल्या माइकने मोजतो. मग त्या मोजमापाची एका ठरलेल्या रेषेशी तुलना होते. त्या रेषेला टार्गेट म्हणतात. फरक जितका, तितका उलटा फिल्टर. ऑटोईक्यू हे गणित यंत्राने करून देतं. बहुतेक वेळा दहा फिल्टर निघतात, दोन शेल्फ आणि आठ पीक. शेल्फ एका जागेच्या वरचं किंवा खालचं सगळं उचलतो-उतरवतो, पीक फक्त त्या जागेच्या आजूबाजूचं.

टार्गेट म्हणजे सरळ आडवी रेषा असेल असं वाटतं, पण तसं नसतं. समोरच्या स्पीकरमधून आवाज येतो तेव्हा कानाची पाळी, कानाची वाटी आणि नळी तो बदलूनच पडद्यापर्यंत पोचवतात. ३ किलोहर्ट्झच्या आसपास तर दहाहून जास्त डीबीची वाढ होते. आपला मेंदू ती वाढ जन्मापासून गृहीत धरून बसलाय. हेडफोन थेट कानाशी बसतो, त्यामुळे हा रस्ता बदलतो, आणि पडद्यापाशी तशीच वाढ पोचेल असा आवाज त्याने द्यावा लागतो. पडद्यापाशी सरळ रेषा देणारा हेडफोन ऐकलात तर माणूस मडक्यात तोंड घालून बोलतोय असं वाटेल.

सध्या सगळ्यात जास्त वापरलं जाणारं टार्गेट हार्मन या ऑडिओ कंपनीचं. तिथल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी २०१२-१३पासून लोकांना बसवून, ऐकवून, कुठला तोल आवडतो हे विचारत विचारत ते घडवलं. त्यांच्याच २०१८च्या अभ्यासात ऐकणाऱ्यांपैकी ६४ टक्के लोकांना ते टार्गेट पसंत पडलं, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बास हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे ती रेषा बहुमताची आवड आहे. ती काही वजनमापाच्या काट्यासारखी नाही. तुम्ही त्या २१ टक्क्यांतले असाल तर फाइल तुम्हाला जड वाटणारच, आणि त्यात तुमचं काही चुकत नाही.

दुसरी अडचण कानाची. पुतळ्याच्या मापाने शिवलेला ब्लाउज आणलात तर उंची आणि खांदा बहुतेकींना बसतो, काखेत आणि गळ्यापाशी मात्र सगळा घोळ होतो. हेडफोनचंही तसंच. १०० हर्ट्झची लहर साधारण साडेतीन मीटर लांब असते. तिला तुमचा कान लहान की मोठा याच्याशी देणंघेणं नाही. ८ किलोहर्ट्झची लहर जेमतेम सव्वाचार सेंटिमीटरची, म्हणजे कानाच्या पाळीहून छोटी. हेडफोन पाच मिलिमीटर पुढेमागे सरकला की तिथलं चित्र बदलतं. त्यात मोजमापाचे सर्रास वापरले जाणारे कृत्रिम कान १० किलोहर्ट्झपर्यंतच खऱ्या कानासारखे धरले जातात. एकाच मॉडेलच्या दोन नगांमध्येही फरक असतो, तो वेगळाच.

यातून माझा नियम असा झालाय: १ किलोहर्ट्झच्या खाली फाइलवर बराच विश्वास ठेवायचा, १ ते ५-६मध्ये ठेवायचा पण ऐकून खात्री करायची, आणि त्याच्या वर फाइल बाजूला ठेवून स्वतःच्या कानाने काम करायचं. तुमचा त्रास नेमका वरच्या भागात आहे आणि तिथेच तयार फाइल सगळ्यात कमी भरवशाची. ८ किलोहर्ट्झचा तुमचा उंचवटा त्या पुतळ्याच्या कानात कदाचित ८.७वर होता. फिल्टरने ८.७ कापलं, तुमचं ८ तसंच राहिलं आणि बाजूला विनाकारण खड्डा पडला. टोचणं कमी झालं नाही, वर झळाळी गेली.

आता मी कसं करते ते सांगते. एक संध्याकाळ द्या, घाई करू नका.

फाइलची एक प्रत काढा आणि ६ किलोहर्ट्झच्या वरचे सगळे फिल्टर त्यातून उडवा. १० किलोहर्ट्झवरचा शेल्फसुद्धा. खाली जे राहील त्यात एक शेल्फ बहुधा १०५ हर्ट्झवर असेल, त्याच्याखालचा सगळा बास एकसारखा उचलणारा. तो किती आहे पाहा. ६ डीबी असेल तर तूर्त ३ करा. ओपन-बॅक हेडफोन अगदी खाली, ३०-४० हर्ट्झला, स्वभावतःच ढिले असतात. त्यांना तिथे फार ढकललं तर हेडफोनचा पडदा धडपडतो आणि बासऐवजी गढूळपणा वाढतो. गाणी ऐकायला पुढे पाहिजे तर वाढवा. कामाला ३ पुष्कळ झाले.

मग एक टोन जनरेटर घ्या, फोनवरचं फुकट ॲपही चालेल. आवाज अगदी हळू ठेवा, हे विसरू नका. सलग एक सूर ४ किलोहर्ट्झपासून १२पर्यंत सावकाश चढवत न्या. वाटेत आवाज थोडा वरखाली होणारच. पण एखाद्या जागी तो एकदम किंचाळतो, दाताच्या डॉक्टरच्या यंत्रासारखा. तो आकडा लिहून ठेवा. आता हेडफोन कानावर किंचित पुढे सरकवा, मग मागे, आणि पुन्हा तीच जागा ऐका. किंचाळणं गायब झालं किंवा दुसरीकडे गेलं, तर ते बसण्यातलं आहे. त्याला फिल्टर लावू नका. जागेवरच राहिलं तर तो तुमचा उंचवटा.

तिथे एकच पीक फिल्टर लावा. उणे ४ डीबीपासून सुरुवात करा, क्यू ३ ठेवा. क्यू म्हणजे फिल्टर किती अरुंद ते सांगणारा आकडा: १.४ला साधारण एक सप्तक व्यापतो, ४.३ला सप्तकाचा एक तृतीयांश. फार अरुंद फिल्टर, क्यू ८-१०चे, या भागात मी लावतच नाही, कारण हेडफोन पुन्हा घालताना जरा हलला की नेम चुकतो. आणि सूर चढवताना मध्येच खड्डा लागला, आवाज बुडाला, तर तो भरायच्या फंदात पडू नका. असे खड्डे बऱ्याचदा दोन लहरी एकमेकींना मारून टाकतात म्हणून पडतात. तिथे वाढवलेला आवाज खड्ड्यातच जातो आणि आजूबाजूला मात्र टोचायला लागतो. उंचवटे कापायचे, खड्डे सोडून द्यायचे.

आता सूर बंद करा आणि माणसाचा आवाज ऐका. डबिंगमध्ये माझी कसोटी मराठी 'च' आणि 'स' आहे. आपल्याकडे 'च' दोन: चाळ आणि चांदणं यातला जिभेच्या टोकाचा, दातांशी घासणारा, आणि चहा, चिंच यातला सुरुवातीचा, तालव्य. 'चाळीत चांदणं सांडलं, चहात चिंच पडली' असलं काहीतरी घरातल्या माणसाकडून बोलून घ्या, ज्या माइकवर कीर्तन रेकॉर्ड करता त्याच माइकवर. बोलणारा समोरच बसलेला असू दे. हेडफोनवर ऐका, काढा, त्याला समोर पुन्हा बोलायला सांगा. ओळखीचा आवाज लागतो, कारण कलाकाराचा 'स' खरा कसा आहे हे आपल्याला माहीतच नसतं. आईचा किंवा बायकोचा माहीत असतो. दोन्ही 'च' एकमेकांत मिसळून नुसती शिट्टी येत असेल तर अजून कापायला हवं. 'सांडलं'चं 'थांडलं' व्हायला लागलं तर जास्त कापलं गेलंय, एक डीबी परत द्या.

हे जमलं की मग तुमचे टाळ. एकट्या टाळाचा ठोका निवडा, सगळ्या दिंडीचा नको. टाळात दोन गोष्टी असतात: धातूवर धातू आपटल्याचा ठोका, आणि त्यामागून येणारी, हळूहळू विरत जाणारी किणकिण. उंचवट्याच्या हेडफोनवर या दोन्ही मिळून एकच ओरखडा होतो. फिल्टर नीट बसला की ठोका आधी येतो, छोटा आणि टोकदार, आणि किणकिण त्याच्या मागून वेगळी ऐकू येते. माझ्याकडे एका वारकरी मंडळाचं काम आलं होतं तेव्हा मी अर्धा तास याच एका ठोक्यावर घालवला होता. बाजूचा असिस्टंट कंटाळून चहाला गेला आणि परत आला तरी मी तिथेच. पण त्या ठोक्यावर बसलेला फिल्टर मी आजही त्या हेडफोनवर वापरते.

खालच्या बाजूला पखवाज. डाव्या पुडीला कणीक लावलेली असते, तिचा घुमारा भरदार हवा पण आपल्या जागी राहिला पाहिजे. तो पसरून पेटीच्या खालच्या सुरांवर आणि बुवांच्या आवाजावर चढत असेल, तर बासचा शेल्फ अजून एक-दीड डीबी उतरवा. तुमच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, कारण फिल्टरने बास जास्त ऐकू आला की तुम्ही रेकॉर्डिंगमधून पखवाज कापाल. म्हणजे टाळांचं झालं तेच पखवाजाचं होईल, फक्त उलट्या टोकाला.

झालं की प्रीॲम्प पुन्हा मोजा. बास ३ डीबीच वाढवलाय आणि दुसरं काही वाढवलेलं नाही, तर उणे साडेसहाची गरज नाही, उणे ३.५ पुरे. तुलनेच्या फाइलमध्येही तोच आकडा घाला. बराचसा 'गेलेला जीव' इथेच परत येईल. मग तीन-चार दिवस त्याला हात लावू नका. पहिले दोन दिवस आवाज मंद वाटेल, कारण कान जुन्या टोचण्याला सरावलेत. चौथ्या दिवशी फिल्टर बंद करून पाहा.

रात्री हळू आवाजात ऐकताना बास कमी वाटला तर फिल्टरला दोष देऊ नका. आवाज जितका हळू, तितके खालचे सूर कानाला कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच हे मोजून ठेवलंय. तुमच्या चाळीत रात्री अकरानंतर जो बास तुम्हाला मिळेल, तो दुपारच्या बासशी जुळणार नाही. म्हणून कामासाठी व्हॉल्यूमच्या चकतीवर खडूने एक खूण करून ठेवा आणि तोलाचे निर्णय त्याच खुणेवर घ्या.

आता माझी एक फजिती, कारण तुम्ही एडिटिंग करता म्हणजे ही तुमच्याही वाटेत आहे. काही वर्षांपूर्वी एका मालिकेचा प्रोमो मी घरी हेडफोनवर मिक्स केला. करेक्शन फिल्टर प्लगइन म्हणून मास्टर ट्रॅकवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र होऊन जिथून बाहेर पडतात तिथे, होता. पहाटे दोनला फाइल बाहेर काढली, पाठवली, झोपले. सकाळी निर्मात्याचा फोन: 'मॅडम, हिरोला सर्दी झाली होती का?' मी फिल्टर बंद न करताच फाइल काढली होती. माझ्या हेडफोनचा इलाज त्या प्रोमोत छापला गेला होता. बास फुगलेला, वरचा भाग कापलेला. फिल्टर ऐकणाऱ्याच्या कानासाठी असतो, रेकॉर्डिंगसाठी नाही, हे मला पाठ होतं, तरीही झालं. तेव्हापासून फिल्टर मास्टरवर ठेवतच नाही. एडिटिंगला रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात मॉनिटरिंग एफएक्सची वेगळी जागा आहे. तिथे लावलेलं ऐकू येतं पण फाइलमध्ये जात नाही.

तुम्ही विंडोजवर इक्वलायझर एपीओ वापरताय, तर एक खाच लक्षात घ्या. एडिटिंगचं सॉफ्टवेअर एएसआयओ ड्रायव्हरवर किंवा एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या वाटेला वळसा घालून, चालत असेल, तर एपीओ पूर्ण वगळलं जातं. म्हणजे गाणी ऐकताना फिल्टर चालू आणि कीर्तन साफ करताना बंद, आणि तुम्हाला पत्ताही नाही. तुमच्या कोंदट रेकॉर्डिंगमागे हेही असू शकेल. तपासायला सोपं आहे: एपीओत प्रीॲम्प उणे ३० करा आणि एडिटरमध्ये काहीतरी वाजवा. आवाज तेवढाच राहिला तर फिल्टर तिथे पोचतच नाहीये.

कुणी वेगवेगळ्या फिल्टरांऐवजी कन्व्हॉल्यूशनची फाइल (सगळी दुरुस्ती एकाच ध्वनिनोंदीत भरलेली) वापरा म्हणून सुचवलं तर तुमच्या कामाला त्याची गरज नाही. हेडफोनचे बहुतेक दोष अशा जातीचे असतात की साध्या पॅरामेट्रिक फिल्टरने, म्हणजे वरच्या शेल्फ आणि पीकने, पातळी सुधारली की वेळेतली गडबडही सोबत सुधारते. कन्व्हॉल्यूशनमध्ये फाइलचा आणि आउटपुटचा सॅम्पल रेट जुळवत बसावं लागतं आणि लिनिअर फेज प्रकारची फाइल असेल तर आवाज उशिरा येतो. डबिंगमध्ये ओठ आणि शब्द जुळवताना तो उशीर जीव खातो.

फिल्टरने काय होत नाही तेही सांगते. हेडफोनचा पडदा फाटका असेल, एका बाजूला खरखर असेल, तर ते दुरुस्त होत नाही. समोर रंगमंच असल्यासारखं वाटत नाही. कान दुखत असतील तर दुखतातच. आणि मुंबईच्या पावसाळ्यात पॅडचं जे होतं त्याला कुठलाही फिल्टर पुरा पडत नाही. रेक्झिनचे असतील तर सोलून काळे तुकडे गालाला चिकटतात, मखमली असतील तर दबून चपटे होतात. पॅड चपटा झाला की हेडफोनमधला छोटा स्पीकर कानाच्या जवळ येतो आणि सगळी मापं बदलतात. नवे पॅड टाकलेत की वरच्या भागाचा फिल्टर पुन्हा ऐकून बसवा, आणि पॅड शक्यतो त्याच मॉडेलचेच घ्या.

लोकलमध्ये हे काहीच लावू नका. डब्यातली घरघर खालचा सगळा भाग गिळते, तिथे तोलाचं काम होत नाही. शिवाय ओपन-बॅकने शेजाऱ्यालाही कीर्तन ऐकवाल. प्रवासाला कानात घालायचे साधे, नॉइज कॅन्सलिंगचे वेगळे ठेवा आणि त्यांच्याच ॲपमधला इक्वलायझर वापरा. घरघरीवर मात करायला व्हॉल्यूम चढवायचा मोह होतो, तेवढा आवरा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा धरलीय. हे काम करायचं तर कान अजून बरीच वर्षं लागणार आहेत.

मग नवा हेडफोन? सध्या नको. तुमच्याकडचा हेडफोन टोचतो म्हणजे वाईट आहे असं नाही. आवाज जास्त असेल तो कापता येतो, मुळात नसेलच तो आणता येत नाही. वर सांगितलेलं करून एक कीर्तन पुन्हा साफ करा, मंडळाच्या स्पीकरवर वाजवा आणि लोकांना आधी काही सांगू नका. तरीही कोंदट म्हणाले तर मला ती फाइल आणि तुमचे फिल्टरचे आकडे पाठवा.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: चष्मा लावता का? मी लावते. दांडीमुळे पॅड आणि डोकं यांच्यात फट राहते, तिथून बास गळतो. बंद हेडफोनवर जास्त, ओपन-बॅकवर कमी, पण फरक पडतो. लावत असाल तर वरचं सगळं चष्मा घालूनच करा. मी पहिल्यांदा काढून केलं होतं, आणि मग स्क्रीन दिसेना म्हणून घातला तर सगळा बास गायब.